एका मुख्याध्यापकाचे पत्र

त्र्यंबकेश्वर ओलांडून पश्चिमेकडे निघाले, की भाताची खाचरे आणि नागली-वरईचे उतार यांच्यामधून रस्ता हरसूलला पोहोचतो. (छत्रपती संभाजीनगरजवळच्या, कारागृहासाठी परिचित असलेल्या हरसूलशी या गावाची गल्लत होऊ नये.) कोकणा, वारली, महादेव कोळी या जनजातींचा हा परिसर. पावसाळा संपला आणि भात घरात आले, की येथील असंख्य कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात आणि मुले वसतिगृहात राहून शिकतात. अशाच एका वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनाला गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखक उपस्थित होता.

कार्यक्रम ऐन रंगात असताना वीज गेली. ध्वनिवर्धक बंद पडला, आणि सूत्रसंचालन करणारे शिक्षक मंचावर नुसतेच उभे राहिले. तेवढ्यात मैदानावर बसलेल्या मुलांपैकी कोणीतरी पायाने जमिनीवर दोन ठोके दिले आणि एक टाळी वाजवली. दोन ठोके, एक टाळी. दहा मुले त्यात मिसळली, मग शंभर. दोन मिनिटांत सारे मैदान एका तालात धडधडू लागले. शब्द कोणालाच येत नव्हते, त्यांची गरजही नव्हती. माझ्या शेजारी बसलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “हे पाश्चात्त्य थेर इथपर्यंत येऊन पोहोचले तर!”

त्यांचा त्रागा मला परका नव्हता. तरुणपणी मीही हेच बोललो असतो. मुलांनी हा ताल कबड्डीच्या सामन्यात ऐकला होता की भ्रमणध्वनीवर, ते त्यांनाच ठाऊक. परंतु मी जेव्हा त्या ज्येष्ठांना सांगितले, की हा ताल ज्या वाद्यवृंदाने १९७७ साली जगाला दिला, त्याचा गायक आपल्या पाचगणीत शिकलेला होता, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. हा ताल त्या गायकाची रचना नव्हे, त्याचा सहकारी ब्रायन मे याची आहे. पण तो मैदाना-मैदानांतून लाखो लोकांच्या तोंडी आणि पायी पोहोचवला तो फ्रेडी मर्क्युरीने. आणि फ्रेडी मर्क्युरी हे नाव धारण करण्यापूर्वी तो फारोख बुलसारा होता.

‘बुलसारा’ या आडनावापाशी हरसूलच्या माणसाने क्षणभर थांबायला हवे. बुलसार म्हणजे आजचे वलसाड. हरसूल-पेठच्या डोंगरांवरून पश्चिमेला उतरले, की कपराडा आणि मग वलसाड जिल्ह्याची सखल भूमी लागते. इराणातून स्वधर्म वाचवण्यासाठी निघालेले पारशी बांधव ज्या संजाण बंदरावर उतरले ते याच जिल्ह्यात, आणि ज्या उदवाड्यात त्यांचा पवित्र अग्नी तेवतो आहे ते गावही याच जिल्ह्यात. दुधात साखर विरघळावी तसे आम्ही येथे राहू, ही त्यांनी राजाला दिलेल्या आश्वासनाची आख्यायिका आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. अनेक पारशी घराण्यांनी गावावरून आडनावे घेतली, त्यांतलेच हे एक. पुढे काही कुटुंबे व्यापारासाठी आणि नोकरीसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेली.

फारोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६चा, झांझिबारचा. वडील बोमी बुलसारा तेथील ब्रिटिश प्रशासनाच्या न्यायालयात रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या या पोराला बोटीने भारतात पाठवले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. आठ वर्षांचे मूल, आई-वडील समुद्रापलीकडे, आणि सुट्टी लागली की मुंबईला आजी-मावशीकडे. वसतिगृहाच्या पहिल्या रात्री मुले उशीत तोंड खुपसून कशी रडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या मुलाची अवस्था सांगावी लागणार नाही. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला याच शाळेत मिळाले. टेबल टेनिस तो उत्तम खेळे, मुष्टियुद्धातही भाग घेई. लता मंगेशकरांचा स्वर त्याच्या कानावर मुंबईत पडला आणि तो त्याच्या मनात राहिला, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. त्या काळच्या मुंबईत राहणाऱ्या कोणाच्या कानावर तो पडला नसेल!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या मुलाला संगीताची ओढ आहे, हे प्रथम लक्षात आले ते शाळेच्या मुख्याध्यापकांच्या. त्यांनी झांझिबारला आई-वडिलांना पत्र लिहिले. नेहमीच्या शुल्काव्यतिरिक्त थोडी अधिक रक्कम भरण्याची तयारी असेल, तर मुलाला रीतसर संगीत शिकवता येईल, असे त्यात सुचवले होते. आई-वडील तयार झाले. फारोख पियानो शिकू लागला, शाळेच्या गायनवृंदात गाऊ लागला, नाटकांत काम करू लागला. पियानोच्या परीक्षेत त्याने प्रात्यक्षिक आणि लेखी अशी दोन्ही अंगांनी चौथी श्रेणी मिळवली. अशा परीक्षांच्या एकंदर आठ श्रेणी असतात, हे लक्षात घेतले तर त्याची मजल मध्यावरचीच म्हणायला हवी. तो अलौकिक बालकलाकार वगैरे काही नव्हता. चांगले वाजवणारा, मन लावून सराव करणारा एक विद्यार्थी होता.

१९५८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने चार मित्रांसह एक वाद्यवृंद काढला. ‘द हेक्टिक्स’ हे त्याचे नाव. क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड यांची रॉक अँड रोलची गाणी ही पोरे शाळेच्या समारंभांत वाजवीत. गंमत अशी, की या वृंदाचा मुख्य गायक फारोख नव्हताच! तो मागे बसून पियानो वाजवी. त्या पाच जणांतला एक जण पुढे नेपाळच्या सैन्यात उच्च पदाला पोहोचला आणि सायप्रसमधील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा सेनापती झाला, एक जण इंग्लंडमध्ये अभिनेता झाला, एकाने पुण्यात उपाहारगृह चालवले. त्या पाचांपैकी जगज्जेता कोण होणार, हे पाचगणीत कोणालाही सांगता आले नसते. ज्याच्यावर पैज लावावी असा तो नव्हता, तरीही शाळेने पाचही जणांना वाद्ये दिली, मंच दिला आणि सरावाला वेळ दिला.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिचा बराचसा भाग २०१८च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचला आहे. शिक्षण संपवून फारोख झांझिबारला परतला. जानेवारी १९६४मध्ये तेथे क्रांती झाली. अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांची कत्तल झाली. पिढ्यान्‌पिढ्या नेकीने चाकरी केलेली भूमी एका रात्रीत परकी झाली, आणि इराणातून एकदा विस्थापित झालेल्या समाजातल्या या कुटुंबाला पुन्हा एकदा निर्वासित व्हावे लागले. चंबूगबाळे आवरून बुलसारा मंडळी लंडनच्या उपनगरात, फेल्टममध्ये येऊन राहिली. सतरा वर्षांचा फारोख कलामहाविद्यालयात रेखांकन शिकला. हीथ्रो विमानतळावर त्याने सामान वाहिले, केन्सिंग्टनच्या बाजारात मित्राबरोबर जुने कपडे विकले. १९७० साली ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ हा वृंद उभा केला आणि त्याच सुमारास बुलसाराचा मर्क्युरी झाला. पुढच्या वर्षी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला. १९७५मध्ये त्यांनी जवळजवळ सहा मिनिटांचे एक विलक्षण गाणे काढले. त्यात मध्येच पाश्चात्त्य संगीतनाटकासारखा भाग येतो, ध्रुवपद मुळी नाहीच. एवढे लांब गाणे आकाशवाणीवर कोण वाजवणार, असे जाणकारांनी बजावले होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. त्या रचनेत पियानोवर स्वतः फ्रेडीच होता. पाचगणीत गिरवलेल्या धड्यांचे मोल येथे ध्यानात यावे.

१३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेल्या कार्यक्रमात क्वीनला वीस-एकवीस मिनिटे मिळाली. बहात्तर हजारांचा जनसागर समोर. त्याने नुसता आवाजाचा एक आलाप फेकला, की समुदाय तो जसाच्या तसा परत करी. कीर्तनात बुवा अभंगाचा एक चरण म्हणतात आणि सारा मंडप तो उचलतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. समुदायाला गायला लावणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती त्याला पूर्णपणे साधली होती.

त्याच्या खासगी आयुष्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते आपल्या परिचयाच्या चाकोरीतले नव्हते, आणि त्याचा निवाडा करणे हे या लेखाचे प्रयोजन नाही. एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या अवघ्या ४५व्या वर्षी, तो गेला. मला त्याच्या अखेरच्या महिन्यांतली एक गोष्ट विशेष वाटते. उभे राहणे कठीण झाले असतानाही तो ध्वनिमुद्रणाला येत राहिला आणि सहकाऱ्यांसाठी जमेल तेवढे गाऊन ठेवत राहिला. त्याचे ते स्वर १९९५ साली, मृत्यूनंतर चार वर्षांनी, प्रकाशित झाले. दुसरी गोष्ट त्याच्या अंत्यविधीची. जगाला मर्क्युरी म्हणून ठाऊक असलेल्या या माणसाचा अखेरचा निरोप लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाला.

अशा माणसाला ‘आमचा’ म्हणण्याची आपल्याकडे हौस फार. नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ असो की परदेशातला पंतप्रधान, त्याचे आजोबा कोणत्या गल्लीत राहत हे शोधून आपण पेढे वाटतो. फ्रेडीच्या बाबतीत हे जरा अवघडच आहे. भारताविषयी तो क्वचितच बोलला, आणि तो असताना क्वीनने भारतात एकही जाहीर कार्यक्रम केला नाही. दुसरीकडे, रॉक म्हटले की नाक मुरडणारे आपल्यात आहेतच. अर्थात हे नाक मुरडणेही सोयीनुसार चालते. १९९६ साली मायकेल जॅक्सनचा अंधेरीतला कार्यक्रम शिव उद्योग सेनेसाठी झाला, तेव्हा संस्कृतिरक्षणाचा प्रश्न अनेकांनी हळूच बाजूला ठेवला होता!

माझ्या मते ‘तो आमचा’ आणि ‘ते परक्यांचे’ या दोन्ही दाव्यांत आपण भलत्याच ठिकाणी पाहत आहोत. फारोखच्या आवाजावर आपला हक्क नाही. मात्र त्या मुख्याध्यापकाच्या पत्राची जबाबदारी आपल्यावर येते. ती चिठ्ठी गेली नसती, तर तो मुलगा टेबल टेनिसची ढाल घेऊन झांझिबारला परतला असता आणि कदाचित वडिलांसारखाच कोठेतरी रोखपाल झाला असता. यात वाईट काही नाही. पण जग एका गायकाला मुकले असते आणि आपण कशाला मुकलो हे त्याला कधी कळलेही नसते.

हरसूलच्या मुलांना ताल शिकवायला कोणी लंडनहून येण्याची गरज नाही, हे त्या रात्री सर्वांनी पाहिले. हा सारा पट्टा वाद्यांचा आहे. वारल्यांचा तारपा, कोकण्यांची पावरी, बोहाड्याच्या सोंगांबरोबर वाजणारे संबळ, कणसरीची कथा लावताना थाळीवर उभ्या केलेल्या काडीतून निघणारा तो गंभीर नाद. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू झाला, की पावरीच्या सुरावर रात्री सरतात. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि थोडे मेण, एवढ्या सामग्रीतून ही वाद्ये घडतात. तारपा वाजवणाऱ्याला श्वास न तोडता वाजवावे लागते. सूर बदलला, की नाचणाऱ्यांचे पाऊल बदलते. हे शास्त्र नव्हे असे कोण म्हणेल? येथून जवळच, जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दिल्लीला जे ऐकू गेले, ते शेजारच्या शाळेच्या वेळापत्रकात मात्र कोठे दिसत नाही.

या भागातल्या शाळांशी माझा संबंध बऱ्याच वर्षांचा आहे. एका शाळेत मी कपाटात एक हार्मोनियम पाहिले होते. कोणा दात्याने दिलेले, उत्तम स्थितीतले. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद होती, तपासणीच्या वेळी ते हजर असणे आवश्यक होते, म्हणून ते कुलूपबंद होते. मुलांनी भाते फाडले तर भरून कोण देणार? गुरुजींची चिंता खोटी नव्हती. त्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही, कारण एका शिक्षकाच्या डोक्यावर किती नोंदवह्या असतात ते मी जाणतो. पण कुलूपबंद हार्मोनियमवर कोणत्या मुलाचे बोट चालते, हे कोणत्याही गुरुजींना कळणार कसे? आणि कळलेच नाही, तर पत्र काय लिहिणार? जाता जाता सांगतो, फ्रेडीकडे १९७५पासून असलेला पियानो २०२३ साली लंडनच्या लिलावात सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. तोही आता कोणा संग्राहकाच्या कडीकुलपातच असेल.

कायदा म्हणाल तर कायदा आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे स्पष्ट नमूद आहे. मला ठाऊक असलेल्या शाळांत कला म्हणजे चित्रकला, आणि चित्रकला म्हणजे ज्याचा तास रिकामा असेल त्या गुरुजींनी फळ्यावर काढून दिलेला आंबा. गावातला पावरीवाला वृद्ध अंशकालीन निदेशक होऊ शकेल का? त्याच्याजवळ पदविका नाही. पदविका ज्यांच्याजवळ आहे त्यांना पावरी येत नाही. हा पेच सुटावा म्हणून आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा करायला हवा होता. आपण वह्या वाटल्या, स्वेटर वाटले, आरोग्य शिबिरे घेतली. ती कामे आवश्यकच होती. पण मुलाचे अंग ज्या तालावर हलते, त्याची आपण क्वचितच चौकशी केली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारी माणसे तळमळीची असतात. ज्या मुलाला आठवीत भागाकार येत नाही, त्याला पावरी काय कामाची? आधी गणित, मग गाणे. उत्तर म्हणून माझ्याजवळ आकडेवारी नाही, अनुभव आहे. दिवाळीच्या सुट्टीवरून जी मुले परत येत नाहीत आणि आई-वडिलांबरोबर बागेत छाटणीच्या कामाला लागतात, त्यांतल्या बहुतेकांच्या लेखी शाळा ही आपण नापास होण्याची जागा असते. ज्याला खो-खोच्या संघात घेतले आहे तो मुलगा सहसा परत येतो. कोणीतरी त्याची वाट पाहत असते. पावरीनेही तेच साधेल असे मला वाटते. सेंट पीटर्स ही श्रीमंतांच्या मुलांची शाळा होती आणि तेथे शुल्क होते, हे खरेच. परंतु पियानो पाचगणीच्या डोंगरावर समुद्रापलीकडून आणावा लागला होता. पावरी येथे कुडाला टांगलेली आहे.

स्नेहसंमेलनाच्या त्या रात्री ठोके सुरू करणारा मुलगा कोण, याची मी दुसऱ्या दिवशी चौकशी केली. नववीतला, अंगाने किरकोळ, वर्गात मागे बसणारा. गणितात कच्चा असल्याचे त्याच्या शिक्षकांनी लगेच सांगितले. जेवणाच्या रांगेत ताटावर बोटे वाजवतो म्हणून त्याला दोनदा शिक्षा झाल्याचेही कळले. मी वसतिगृहप्रमुखांना पाचगणीची हकिकत सांगितली. ते समंजस गृहस्थ आहेत. म्हणाले, “पत्र लिहायला हरकत नाही, पण त्याच्या वडिलांना वाचता येत नाही. बाजाराच्या दिवशी ते येतात, तेव्हा बोलू.”

त्याप्रमाणे बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे वसतिगृहाच्या ओट्यावर थांबलो. वडील आले ते डोक्यावर वरईचे गाठोडे घेऊन. पोराने काहीतरी उपद्व्याप केला म्हणून बोलावले असणार, अशी त्यांची समजूत झाली होती. ते बसेनात. वसतिगृहप्रमुखांनी जरा चाचपडतच सांगितले, की तुमच्या मुलाच्या अंगात ताल आहे, त्याला पावरी शिकवावी असे आमच्या मनात आहे, गावात कोणी वाजवणारे असेल तर आठवड्यातून एकदा त्यांना बोलावू, त्यांचे मानधन आम्ही पाहू.

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, माझा बा वाजवायचा. डोंगऱ्यादेवाला चार गावांत त्यालाच बोलवायचे. तो गेला, तशी ती कुडाला अडकवून ठेवलीय. मला नाही जमली.”

“खराब झाली असेल?” मी विचारले.

“मेण गेलंय. भोपळा चांगला हाये.” त्यांनी गाठोडे पुन्हा डोक्यावर घेतले. “पुढल्या बाजाराला आणतो.”